सीडीवरचं गंध

माणसाला बिनधास्त थापा मारायच्या असतील तर त्याने शंभर वर्षांची हमी द्यावी. तपासायला कोणी येत नाही. दादरच्या ज्या स्टुडिओवाल्याने माझ्या थोरल्या भावाला "शंभर वर्षं हात लावायला नको" असं सांगितलं, त्याचं दुकान पुढे काही वर्षांतच बंद झालं. तिथे आता मोबाइलची कव्हरं मिळतात. माझा भाऊ मात्र ती हमी अजून उराशी धरून आहे. त्याला आम्ही दादा म्हणतो. घरात सगळ्यात जास्त विश्वास त्याचा, आणि तो नेहमी चुकीच्या माणसावर.

सीडी या वस्तूबद्दल माझं मत वाईट आहे, आणि ते ऐकीव नाही. परळच्या एका इस्पितळात एक्स-रे विभागाच्या खिडकीवर मी वर्षानुवर्षं नोकरी करते आहे. आधी आम्ही पेशंटला काळ्या फिल्म द्यायचो, मग सीडी द्यायला लागलो. फिल्म निदान खिडकीच्या उजेडात धरून बघता यायची. सीडी हातात घेऊन माणसं नुसती स्वतःचं तोंड बघत. वर्षा-दोन वर्षांनी तीच माणसं ती सीडी घेऊन परत येत आणि ती लागत नाही म्हणून माझ्याशी भांडत. कोणी ती स्कूटरच्या डिकीत ठेवलेली असे, कोणी फ्रिजवर, कोणी रेशमी साड्यांत डांबरगोळ्यांबरोबर. एका बाईंनी ती धुऊन वाळत घातली होती. सगळे जण खालची चकचकीत बाजू पदराने, रुमालाने, शर्टाच्या टोकाने अशी पुसत की बघत राहावं. आणि वरच्या बाजूवर बॉलपेनने कचकचून पेशंटचं नाव, वॉर्ड, डॉक्टरचा फोन नंबर आणि एकदा तर चक्क वाणसामान लिहिलेलं असे.

सगळी चूक तिथेच आहे. सीडी म्हणजे प्लास्टिकची जाडशी चकती. या प्लास्टिकच्या वरच्या अंगाला रंगाचा एक पातळ थर असतो, त्यावर धातूचा आरसा, आणि त्यावर वार्निशचा एक हात. जे काही साठवायचं ते त्या रंगाच्या थरात भाजून ठेवतात. म्हणजे सगळा ऐवज वरच्या बाजूला, नखाने खरवडता येईल इतक्या उथळ जागी असतो. खालच्या बाजूला जाड प्लास्टिक असतं, तिला थोडंफार खरचटलं तरी निभतं. लोक नेमके उलटे वागतात. शिवाय उन्हाने तो रंग फिका पडतो, दमट हवेने आरसा काळवंडतो, कडेने वार्निश सुटायला लागतं. मुंबईत खिडकीचे गज गंजून हातात येतात, तिथे कागदाहून पातळ धातू टिकेल असं ज्याला वाटलं तो मुंबईत राहिलेला नसावा. खराब झालेली सीडी ट्यूबलाइटसमोर धरली की बारीक बारीक भोकांतून उजेड दिसतो. खिडकीत उभ्या असलेल्या माणसाला मी तसं धरून दाखवायची, तरी तो म्हणायचा, "पण खालून तर एकदम नवीन आहे, मॅडम."

आता आबांचं. आबा म्हणजे आमचे वडील. दिवसा मिलमध्ये फिटर आणि संध्याकाळी भजनी बुवा. आमच्या लालबागच्या चाळीत सगळे मालवणकडचे, त्यामुळे डबलबारी हा आमचा मोठा सण. एकाच मंडपात दोन बुवा समोरासमोर आपापली पेटी घेऊन बसतात, आळीपाळीने अभंग आणि गवळणी म्हणतात, आणि मधेमधे एकमेकांची अशी काही सालं काढतात की लोक लोळतात. शेवटी गजर. आबांचा गजर ऐकायला शिवडीहून, डिलाइल रोडहून माणसं यायची. ते गाताना मी लहान होते. मला त्यांच्या मानेच्या शिरा आठवतात, गातानाचा आवाज आठवत नाही. हे मला सगळ्यात जास्त लागतं.

त्यांच्या एका डबलबारीची कॅसेट होती. मंडळातल्या कुणीतरी स्टेजच्या कडेला टेपरेकॉर्डर ठेवला होता. बस, आबांचा आवाज जगात तेवढाच. आबा गेल्यावर दादाने ती कॅसेट दादरच्या त्या स्टुडिओत नेऊन सीडीवर उतरवून आणली. इथपर्यंत ठीक होतं. पण स्टुडिओवाला कलाकार निघाला. त्याने आबांच्या फोटोचं गोल स्टिकर छापलं, भोवती झेंडूच्या फुलांची नक्षी काढली आणि ते सीडीवर चिकटवून दिलं. मधलं भोक नेमकं आबांच्या गळ्याशी आलं. ज्या माणसाचा गळा जपायचा त्याच्याच गळ्याला भोक पाडलं, आणि दादा ते घरोघर दाखवत फिरला.

"आणि कॅसेट कुठाय?" मी विचारलं होतं.

"टाकून दिली. बुरशी लागली होती तिला. आता डिजिटल आहे ना, टेन्शन संपलं."

डिजिटल हा शब्द दादा अशा सुरात उच्चारतो की समोरच्याने हात जोडावेत. आणि झालंही तसंच. सीडीवर फोटो आहे म्हटल्यावर ती नुसती सीडी राहिली नाही. वहिनीने ती देव्हाऱ्यात कुलदेवतेच्या टाकाशेजारी उभी केली. पाठीमागे टेकू म्हणून काडेपेटी. समोर समई. रोज फूल. आईने दसऱ्याला, सर्वपित्रीला आणि आबांच्या तिथीला सहाणेवर चंदन उगाळून आबांच्या कपाळी गंध लावायचं. गेलेल्या माणसाच्या फोटोला आपण लावतोच. चाळ पडली, तिच्या जागी टॉवर झाला, देव्हारा सागवानी झाला आणि त्यात लाल बल्ब आला, तरी सीडी तिथेच उभी राहिली. लग्नानंतर मी गिरगावात राहायला गेले होते. माहेरी गेलं की देवाला नमस्कार करताना मला ती दिसायची आणि माझं डोकं फिरायचं.

मी एकदा नाही, अनेकदा म्हटलं, "दादा, दे ती मला. ऑफिसात कॉपी करून आणते. अर्ध्या तासाचं काम आहे."

"देव्हाऱ्यातली वस्तू हॉस्पिटलमध्ये नेणार? कसले कसले रोगी येतात तिथे."

"सीडीला कावीळ होत नाही."

"तुला प्रत्येक गोष्टीत थट्टा सुचते," असं म्हणून तो विषय संपवायचा. वहिनी चहा आणायची. आई गप्प बसायची, कारण मुलाच्या घरात राहणाऱ्या बाईने कधी गप्प बसायचं हे तिला कोणी शिकवायला लागलं नव्हतं. इतक्या वर्षांत ती सीडी ऐकली किती वेळा? एकदा त्या स्टुडिओत आणि एकदा आबांच्या वर्षश्राद्धाला, तेही जेवणाच्या पंगतींच्या गोंगाटात. नमस्कार मात्र रोज. आमच्या घरात एखाद्या माणसाचं ऐकायचं नसलं की त्याला हार घालतात, हे मी आबांच्या हयातीतही पाहिलं होतं.

मग आईचे कान गेले. एक आधीच गेला होता, दुसरा हळूहळू चालला होता. कानाच्या डॉक्टरने मशीन दिलं आणि स्पष्ट सांगितलं की जे ऐकू येतंय तेही फार दिवस राहणार नाही. दादाने बाहेर आल्यावर "डॉक्टर लोक घाबरवतात गं" असं मोठ्याने सांगितलं, जे आईला ऐकू आलं नाही. घरी आल्यावर तिने मला जवळ बसवलं. आई आयुष्यभर मुंबईत राहिली, पण मनातलं बोलायचं झालं की मालवणीतच बोलते.

"माझो कान जावच्या आधी एकदा तेंचो आवाज आयकव," ती म्हणाली. "माका आणखी काय नको."

आईने माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. साडी मागितली नाही, औषधसुद्धा मागितलं नाही. त्यामुळे मी त्याच क्षणी देव्हाऱ्याकडे गेले. दादा आडवा आला. त्या दिवशी अमावास्या होती.

अमावास्या उलटल्यावर निघालेली गोष्ट अशी की सीडी लावायला घरात काही नव्हतं. भिंतभर टीव्ही आहे, त्याला पेनड्राइव्ह लागतो. वहिनीचा लॅपटॉप कागदाएवढा, त्यात सीडी घालायची तर चेपून घालावी लागेल. दादाच्या जुन्या गाडीत प्लेअर होता, नव्या गाडीत नाही. टॉवरला जिम आहे, पार्टी हॉल आहे, कुत्र्यांना फिरवायला वेगळी जागा आहे. दादाने सोसायटीच्या ग्रुपवर विचारलं, तर कुणीतरी हसण्याचं चिन्ह पाठवलं आणि कुणीतरी सांगितलं की त्यांच्याकडे सीडी पुष्कळ आहेत. त्या मी पाहिल्याच होत्या. कबुतरं येऊ नयेत म्हणून लोकांनी गॅलरीत दोरीला बांधून लोंबकळत सोडल्या आहेत. लग्नं, बारशी, सहली, सगळं वाऱ्यावर गरगरतंय, आणि कबुतरं खालच्या दांडीवर आरामात बसलेली. मला तो देखावा आवडतो. शंभर वर्षांच्या हमीची एवढीच लायकी आहे.

शेवटी माझ्याच इस्पितळात जायचं ठरलं. आमच्या विभागात एक जुना कॉम्प्युटर आहे. लोक जुन्या सीडी आणतात म्हणून तो अजून टाकलेला नाही. मोठ्या साहेबांची परवानगी मी काढून ठेवली. दादा जातीने आला. सोवळ्याच्या कापडात गुंडाळून, वर फूल ठेवून, स्टीलच्या डब्यातून त्याने आबांना लालबागहून परळला आणलं. वाटेत मी डबा धरते म्हटलं तर दिला नाही. रोगराईचं काय झालं, असं विचारायचा मोह मी आवरला.

डबा उघडला आणि मी सीडी हातात घेतली. दादाने लगेच खालची बाजू बघितली आणि त्याचा चेहरा उजळला. "बघ. जशीच्या तशी. उगाच बडबडत होतीस."

मी वरची बाजू बघत होते. आबांच्या कपाळावर स्टिकर फुगून पापुद्रा सुटला होता. वर्षानुवर्षांच्या ओल्या चंदनाचा पिवळट थर तिथे साचला होता, त्याला कधी हळदीचं बोट लागलं होतं, कधी फुलाचं पाणी. मी ती ट्यूबलाइटसमोर धरली. बाकी सीडीतून उजेड येत नव्हता. कपाळाच्या जागेतून मात्र येत होता, चाळणीतून यावा तसा. स्टिकर सोलून काढायचा प्रश्नच नव्हता. त्याच्याबरोबर आरसाही निघून आला असता.

"दादा, ही लागेल की नाही सांगता येत नाही."

"लाव तू."

मी लावली. आत कुरकुर सुरू झाली. खूप वेळ काहीच होईना. मग अचानक खरखर ऐकू आली, आणि त्यातून एका माणसाचा आवाज. हॅलो, हॅलो, माइक टेस्टिंग. दादाने माझा हात घट्ट पकडला. तो आवाज आबांचा नव्हता. मंडळाच्या तेव्हाच्या सेक्रेटरीचा होता. त्याने उपस्थितांचं स्वागत केलं. मग प्रमुख पाहुण्यांचं स्वागत केलं. मग मंडप कोणी दिला, सतरंज्या कोणी दिल्या, लाइटिंग कोणाचं, नारळ कोणाकडून, हे सगळं सांगितलं. शाल कोणाला द्यायची यात काहीतरी गोंधळ झाला, तोही नीट ऐकू आला. इतकं स्वच्छ ध्वनिमुद्रण मी क्वचित ऐकलं आहे. शेवटी पेटीचा सूर आला, आबांनी घसा खाकरला, एक वाक्य बोलले, बायकांचा गलका झाला, आबांनी सूर लावण्यासाठी श्वास घेतला, आणि सीडी अडकली.

आम्ही परत लावली. दुसऱ्या दिवशी येऊन आणखी एकदा लावली. दर वेळी त्याच श्वासाशी अडकली. सीडी आतून बाहेर वाचली जाते. मधल्या भोकाजवळ सुरुवात, कडेला शेवट. म्हणून सेक्रेटरी आतल्या बाजूला सुरक्षित बसला होता आणि आबांचं सगळं गाणं त्या कपाळाच्या पट्ट्यात होतं. सीडी फिरते तेव्हा प्रत्येक फेरीला त्या डागावरून जावंच लागतं. गजर तर अगदी कडेला, गंधाच्या बरोबर खाली. जेवढं निघालं तेवढं मी मोबाइलमध्ये उतरवून घेतलं. सतरंज्या, नारळ, शाल आणि एक वाक्य.

दादा डागाकडे बघत होता. कधी नव्हे ते त्याचं डोकं चाललं. "हे गंधाने झालं? आई लावते त्या?"

"गंधाने, स्टिकरने, समईच्या धगीने. आणि देव्हाऱ्यात ठेवल्याने."

"तरी मी तिला सांगत होतो, पाणी कमी घे म्हणून."

तो असं कधीच सांगत नव्हता. आबांचा आवाज गेला हे नक्की होऊन पाच मिनिटं झाली नव्हती आणि या माणसाने त्याची जबाबदारी ऐकू न येणाऱ्या म्हातारीच्या पदरात टाकूनही दिली. मला त्याचा इतका तिटकारा आला की मी कॉम्प्युटर बंद करायच्या निमित्ताने पाठ फिरवली. मग म्हटलं, "घरी यातलं एक अक्षर जरी बोललास, तर सोसायटीच्या ग्रुपवर मी सगळ्यांना सांगेन की कॅसेट कोणी टाकली." ग्रुपला तो देवापेक्षा जास्त घाबरतो.

संध्याकाळी आईला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं. मशीन लावलं, मोबाइल तिच्या चांगल्या कानाशी धरला आणि आवाज पूर्ण मोठा केला. वहिनी स्वयंपाकघराच्या दारात उभी राहिली. दादा सोफ्याच्या टोकाला बसला, पाहुण्यासारखा. सेक्रेटरीचं भाषण सुरू झालं. आई लक्ष देऊन ऐकत होती. सतरंज्यांपर्यंत तिने धीर धरला.

"ह्या मेल्याक अजून कोणी गप करूक नाय?" ती म्हणाली.

मला हसू आलं. माझा तुसडेपणा कुठून आला याबद्दल मला कधीच शंका नव्हती. मग पेटी वाजली. आबांनी घसा खाकरला. आईचा हात माझ्या मनगटावर आला आणि तिथेच राहिला. आबा म्हणाले, "मागे बसलेल्यांका आयकाक येता मां?" मागून बायकांचा गलका झाला, येता, येता. आबांनी श्वास घेतला आणि मोबाइल गप्प झाला.

आई थांबून राहिली. "फुडला?"

"पुढचं खराब झालं, आई."

"कशान?"

दादा माझ्याकडे बघत होता. वहिनीही. मी आईच्या कानाशी वाकून सांगितलं, "त्या स्टुडिओवाल्याने वर फोटो चिकटवला ना, त्याच्या गोंदाने. गाढव होता तो." माणसाला शिव्या घालायची माझी सवय घरात कोणाला आवडत नाही. त्या दिवशी कोणी हरकत घेतली नाही.

आईने मान हलवली. तिला पटलं की नाही, मला सांगता येणार नाही. तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. तिथे काडेपेटी तेवढी उभी होती. मग ती सांगायला लागली की डबलबारीत पुरुष पुढे बसत आणि बायका पार मागे, नळाजवळ. आबा दर वेळी सुरू करण्याआधी हे असं विचारत. "बाकीची बायलमाणसां वराडत, येता येता म्हणान," ती म्हणाली. "मी कधी बोलाक नाय. घोवाक असा चारचौघांत उत्तर देतत?"

नवऱ्याला तिने तिथे कधीच उत्तर दिलं नव्हतं, हे मला माहीत नव्हतं. आबा ते कोणाला विचारत होते, हे चाळीतल्या सगळ्या बायकांना माहीत असणार.

"परत लाव," आई म्हणाली.

मी सेक्रेटरीला वगळून पुढून लावलं. पेटी, खाकरणं, मग आबा. मागे बसलेल्यांका आयकाक येता मां? दादा, वहिनी आणि मी, सगळे तिथेच होतो. आईने पदर सारखा केला, खुर्चीत जरा पुढे सरकली आणि कानाने अधू माणसं बोलतात तशा मोठ्या आवाजात म्हणाली, "येता."